शेवटच्या पानावरचा नवरा

नवा पासपोर्ट हातात पडला तेव्हा ओमावतीला वाटलं, सुटलो एकदाचे. राजधानीत, जॉर्जटाउनच्या कचेरीबाहेर उन्हात उभ्या उभ्याच तिने तो तीनदा उघडून पाहिला. जुनाही परत दिला होता, रद्द झाल्याची खूण म्हणून कोपरा कातरून. दोन्ही तिने ब्लाउजच्या आत ठेवले आणि गावाकडे, कोरेन्टाइनपर्यंतच्या गाडीत सगळा वेळ एक हात छातीवर धरून बसली.

कॅनडाच्या कचेरीचं पत्र येऊन अठ्ठावन्न दिवस झाले होते. पत्र तिला पाठ झालं होतं. तुमचे पती देवनारायण जयकरन यांनी तुम्हाला तिकडे बोलावण्यासाठी केलेल्या अर्जाचा विचार शेवटच्या टप्प्यात आहे, परंतु तुमच्या पासपोर्टची मुदत संपत आली आहे. तरी नव्या पासपोर्टची, आणि गेल्या दहा वर्षांत वापरलेल्या प्रत्येक पासपोर्टच्या सर्व पानांची प्रत साठ दिवसांत पाठवावी. सर्व पानांची, कोऱ्या पानांसकट. म्हणजे शुक्रवार, चार वाजेपर्यंत. आज बुधवार होता.

लग्नाला तीन वर्षं झाली होती. तीन वर्षांत नवराबायको एका छपराखाली किती राहिली, तर सात आठवडे. देव तिकडे कॅनडात, स्कारबरोला फर्निचरच्या गोदामात कामाला. सुट्टी मिळाली की यायचा, आणि घरातल्या कुत्र्याला त्याची ओळख पटेपर्यंत त्याची निघायची वेळ व्हायची. ओमावती सासूजवळ राहून गावातल्या पोरींचे शाळेचे गणवेश शिवत होती. वय सदतीस. मूल व्हावं असं दोघांनाही वाटत होतं आणि फोनवर मूल होत नाही, हे गावातली प्रत्येक बाई तिला आठवड्यातून एकदा तरी ऐकवायची.

घरी पोचल्याबरोबर सासूने, सुरसतीने, नवा पासपोर्ट तिच्या हातातून काढून घेतला आणि अंगणातल्या हनुमानाच्या लाल झेंड्यापाशी नेऊन ठेवला. अगरबत्ती लावली. मग तांब्यात बोटं बुडवली.

"पाणी नको, आई! भिजेल."

"देवाच्या पाण्याने काही भिजत नसतं," म्हातारी म्हणाली, पण तांब्या खाली ठेवला. "आणि हे बघ, यात शेवटच्या पानावर नाव घालायचं असतं. काही बरंवाईट झालं तर कुणाला कळवायचं ते. पलीकडच्या राधिकाच्या सुनेने नवऱ्याचं घातलंय, मला दाखवत होती. तू माझ्या पोराचं घाल. चांगल्या अक्षरात."

"घालते," ओमावती म्हणाली आणि जुना पासपोर्ट घेऊन बास्कमकाकांकडे निघाली.

क्विंटन बास्कम म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेला, सहा फूट उंच, काळाकभिन्न, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारा माणूस. खांबांवरच्या त्याच्या घराखाली एक टेबल, एक संगणक आणि एक प्रिंटर होता, आणि आमचं अर्धं कोरेन्टाइन त्या प्रिंटरमधून परदेशी गेलं आहे. फॉर्म तोच भरायचा, कागद तोच जोडायचा, आणि कुणाला व्हिसा मिळाला की त्याच्याकडे एक बदक पोचतं व्हायचं. ओमावतीचा अर्जही त्यानेच भरला होता.

"कोरी पानंसुद्धा मागतात," तो एकेक पान प्रिंटरच्या काचेवर ठेवत म्हणाला. "कोऱ्या पानांत काय बघतात तेच जाणोत. बदक पाळलंयस ना, ओमाबाई?"

"दोन पाळलीत, काका."

"मग काळजी नाही." त्याने शेवटचं पान उलटलं. उलटलं आणि थांबला. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. "हे अक्षर कुणाचं?"

ओमावतीने वाकून पाहिलं.

संकटप्रसंगी यांना कळवावे, असं छापलेलं होतं. त्याखाली निळ्या शाईत, शाळेत बाईंनी शिकवलेल्या गोल गोल अक्षरात, तिने स्वतः लिहिलेलं होतं. नाव: हरिलाल सुखराम. नातं: पती.

दहा वर्षांपूर्वी लिहिलं होतं. लिहिलं आणि विसरली. पासपोर्टचं शेवटचं पान कोण उघडून बघतं?

हरिलालशी तिचं लग्न झालं होतं अठराव्या वर्षी, तिकडे देशाच्या दुसऱ्या टोकाला, एसेक्विबोच्या किनाऱ्यावर. झालं होतं म्हणजे बांबूखाली. आमचे पणजे बोटीने इथल्या उसाच्या मळ्यांवर आले तेव्हापासून आमच्याकडे लग्नं दोन. एक बांबूचं: मांडव पडतो, पंडितजी मंत्र म्हणतात, गाव कमळाच्या पानावर सात भाज्या जेवतं, नवरी रडत जाते. दुसरं कागदाचं: रजिस्ट्रारपुढे सह्या. शहाणी माणसं दोन्ही आटोपून घेतात. बाकीची म्हणतात, जाऊ की सवडीने, आणि ती सवड काही होत नाही. बांबूचं लग्न मोडलं तर मोडलं. रजिस्टर कोरंच असतं, काडीमोडाची भानगड नाही, कोर्ट नाही. कुणी विचारलं तर माणूस सरळ सांगतो, माझं लग्न झालेलं नाही. त्यात खोटं बोलल्यासारखं कुणालाही वाटत नाही.

सहा वर्षं ती हरिलालबरोबर नांदली. मग तो त्रिनिदादला गेला, कामाला. पुढल्या वर्षी बोलावतो म्हणाला, त्याच्या पुढल्या वर्षीही बोलावतो म्हणाला. तिने पासपोर्ट काढून ठेवला, शेवटच्या पानावर त्याचं नाव घातलं, आणि त्याच महिन्यात कळलं की तिकडे त्याला दुसरीपासून मुलगा झालाय. ती तीन नद्या ओलांडून भावाकडे कोरेन्टाइनला आली. इथे तिला कुणी ओळखत नव्हतं. तेच तिला हवं होतं.

"मी तुला विचारलं होतं," बास्कम म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "आधी लग्न झालं होतं का, असं विचारलं होतं."

"आणि मी म्हटलं, फक्त बांबूखाली."

"आणि मी लिहिलं, नाही." त्याने कपाळ चोळलं. "सगळ्यांचं तसंच लिहितो ना मी! पण त्यांच्या त्या नियमांच्या पुस्तकात आहे, बाई. एक वर्ष एकत्र राहिलात तरी ते लग्न धरतात. कागद असो नसो. आणि लपवलंत म्हणाले की पाच वर्षं दार बंद. अर्जसुद्धा करता येत नाही."

पाच वर्षं. ओमावतीने बोटं मोजली नाहीत, हिशेब आपोआपच झाला. बेचाळीस, मग नवा अर्ज, मग परत तीन वर्षं. म्हणजे मूल नाहीच. आणि सात आठवड्यांचा नवरा तोवर नवरा राहील का, हेही कुणी सांगावं?

बास्कमने रस्त्यापलीकडच्या चराकडे पाहिलं. पावसाचं पाणी काठोकाठ होतं. "आपल्याकडे कागद भिजतात," तो हळूच म्हणाला. "घरात पाणी शिरतं. शाई जाते. यात नवल काय? शेवटचं एक पान भिजलं, एवढंच. मी तुला काही सांगितलेलं नाही."

"नाही सांगितलंत."

"शुक्रवारी दुपारपर्यंत ये." मग न राहवून त्याने विचारलं, "देवला ठाऊक आहे ना?"

ओमावतीने पासपोर्ट उचलला आणि निघाली.

देवला ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा तो भावाकडे तिला बघायला आला तेव्हा सांगायचं होतं. पण त्याने विचारलं नाही. रजिस्ट्रारच्या कचेरीत जायच्या आदल्या दिवशी सांगायचं होतं; पण घर पाहुण्यांनी भरलं होतं. मग त्याला विमानाला पोचवताना. मग फोनवर. एकदा राहिलेली गोष्ट दुसऱ्यांदा काढणं अवघड, आणि चौथ्यांदा तर माणूस म्हणतो, आता मेल्यावरच. ती काही लबाड बाई नव्हती. भित्री होती.

"पाठवलं?" सासूने जेवताना विचारलं.

"परवा पाठवतो म्हणालेत."

"परवा! तीन वर्षं परवा परवाच चाललंय. तिकडे पोरगं डब्यातलं थंड खातंय आणि इथे हिचा परवा उजाडत नाही." म्हातारीने बोराची, म्हणजे लांब हिरव्या शेंगांची, भाजी तिच्या ताटात वाढली, तिला आवडते म्हणून जरा जास्तच. "नाव घातलंस का त्यात?"

"घालते, आई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घराखाली मशीनपाशी बसली. जुना पासपोर्ट मांडीवर. बादलीत पाणी भरून ठेवलं होतं, पण पाण्याचा तिला भरवसा वाटेना. ती शाई पक्की होती, आणि भिजवलेलं पान भिजवलेलंच दिसतं. तिला दुसरं सुचलं होतं. शेवटी पासपोर्ट म्हणजे काय, शिवलेलीच वस्तू. वीस वर्षं तिने दुसरं काय केलं होतं? तिने मधलं पान उघडलं, दोरा शोधला, ब्लेडचं टोक आत घातलं आणि एक टाका कापला. मग दुसरा.

तिसऱ्याला हात थांबला. शिवणारीच ती, तिला आधीच कळायला हवं होतं. पानं दुमडून शिवलेली असतात. शेवटचं पान ओढलं की त्याचं दुसरं अर्धं येणार, आणि ते दुसरं अर्धं म्हणजे पहिलं पान. तिने पुढे उलटून पाहिलं. पहिल्या पानावर तिचा फोटो होता. सत्तावीस वर्षांची, केस तेल लावून घट्ट बांधलेले, डोळ्यांत त्रिनिदादला जायची घाई. त्या पोरीची तिला इतकी दया आली की ती मशीनवर डोकं टेकून रडली.

मग तिने तोंड धुतलं आणि देवच्या जेवणाच्या सुट्टीची वाट बघत बसली.

"मिळाला ना पासपोर्ट?" देव फोनवर घास चावत म्हणाला. मागे गोदामातल्या गाड्यांचे आवाज. "आईचा फोन होता. म्हणते, तू पाणी शिंपडू दिलं नाहीस."

"देव, मला सांगायचंय काहीतरी. मध्ये बोलू नकोस."

"बोल."

तिने सांगितलं. घाईघाईने सांगितलं, कापड टराटरा फाडावं तसं. हरिलाल, सहा वर्षं, शेवटचं पान, बास्कमने काय लिहिलं, पाच वर्षांचं बंद दार. पलीकडे डबा मिटल्याचा आवाज आला.

"देव?"

"मला ठाऊक आहे," तो म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"तुझं ते लग्न झालं त्या वर्षी मी तिकडे होतो. एसेक्विबोला. भाताच्या गिरणीत, आठ महिने. लग्नघरी माणसं कमी पडली म्हणून गिरणीतल्या पोरांना बोलावलं होतं. मांडवाचे बांबू मी तोडले, ओमा. खांद्यावरून आणले. दोन दिवस खांदा सोललेला होता. जेवलोसुद्धा. भोपळा खारट झाला होता."

भोपळा खारट झाला होता. मावशीने दोनदा मीठ घातलं होतं आणि चुलीमागे बसून रडली होती. मावशी गेल्यावर हे जगात फक्त आपल्यालाच आठवत असेल, असं ओमावतीला वाटत आलं होतं.

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून."

"तीन वर्षं?"

"बघायला आलो तेव्हापासून धर. चार." आता त्याच्या आवाजात राग होता, आणि तो साठवलेला राग होता. "दर वेळी वाटायचं, आज सांगेल. विमानतळावर तू तोंड उघडलंस, म्हटलं आलं. तर तू म्हणालीस, स्वेटर घेतलास का! मी काय खाणार होतो तुला? बांबू तोडणारा माणूस तुला काय बोलणार होता?"

"चुकलं माझं."

"माझंही चुकलंय. अर्जावर मी सही केली ती वाचून केली. आधीचं लग्न: नाही. हात अडला माझा. मग म्हटलं, तिला नाही सांगायचं तर मी कोण तिला उघडं पाडणारा? केली सही. आता मीही अडकलोय त्यात." मग हळू, दुसऱ्याच आवाजात म्हणाला, "भिजव ते पान. कुणाला कळतंय. मला अजून पाच वर्षं नाही निघणार, ओमा. खरंच नाही निघणार. इथे रविवारी मी दुकानात जाऊन नुसता उभा राहतो, माणसांचे आवाज ऐकायला."

तिने बादलीकडे पाहिलं. किती सोपं होतं. रात्रंदिवस जे मागत होती ते हाताशी होतं, आणि आता तर नवराच सांगत होता.

"नाही भिजवत," ती म्हणाली.

"का?"

"तुझ्यापासून लपवायचं म्हणून लपवत होते. तुला ठाऊक आहे तर मी कशाला आता पाणी घेऊन बसू? तिकडे येईन, आणि दारात पोस्टमन आला की घाबरीन? चार वर्षं घाबरून काढली. बास झालं."

"आणि ते नाही म्हणाले तर?"

"तर तू ये."

"येऊन काय करू तिथे मी?"

"बांबू तोड," ओमावती म्हणाली.

पलीकडून हसू आलं, आणि हसता हसता त्याचा आवाज फुटला. गोदामात कुणीतरी त्याला हाक मारली. "जे लिहिशील त्यावर सही करतो," तो म्हणाला. "पण आईला तू सांगायचंस. मी नाही."

आईला सांगायची वेळ आली नाही. म्हातारी जिन्याच्या सहाव्या पायरीवर बसून बोरा निवडत होती आणि कानाने ती अजून चांगली होती. ओमावती वर जायला वळली तेव्हा तिने शेंगांवरून नजर काढली नाही. "भोपळ्याला मीठ चुलीवरून उतरवताना घालावं," ती म्हणाली. "तुमच्या तिकडच्या बायकांना कधी कळलंच नाही."

शुक्रवारी अडीच वाजता ओमावती दोन्ही पासपोर्ट घेऊन बास्कमच्या टेबलासमोर बसली. जुन्याचं शेवटचं पान कोरडं होतं, नाव जागच्या जागी होतं. बास्कमने ते काचेवर ठेवलं आणि शिवणीवरून बोट फिरवलं.

"हा दोरा नवा दिसतो."

"दोन टाके मी उसवले, मग परत घातले. तेही लिहा. पान एकही काढलेलं नाही, असं लिहा."

"बाई, तू मला हार्ट अटॅक आणणार." पण तो खुलाशाचं पत्र लिहीत होता. "आणि मी 'नाही' लिहिलं ते? ते कुणाच्या माथी?"

"तुम्ही लिहिलंत, सही मी केली. माझ्या माथी."

बास्कमने तिच्याकडे पाहिलं आणि पत्राखाली एक ओळ स्वतःची जोडली: हा अर्ज भरताना मी या बाईंना चुकीचा सल्ला दिला. खाली पूर्ण नाव घातलं. चाळीस वर्षं पोस्टात काढलेल्या माणसाची ती सही होती, एकेक अक्षर वाचता येत होतं.

"आता साक्षीदार," तो म्हणाला. "ते लग्न डोळ्यांनी पाहिलेलं, आणि ते मोडलंय हे ठाऊक असलेलं कुणीतरी लागेल. पंडितजी?"

"वारले."

"मावशी?"

"त्याही."

"मग आहे कोण?"

ओमावतीने फोन पुढे केला. सकाळीच आलं होतं ते, एका पानावर हाताने लिहून फोटो काढलेलं, खाली सही. बास्कम मोठ्याने वाचू लागला. "मी या लग्नाला हजर होतो. मांडवाचे बांबू मी स्वतः तोडले. मला ते दिवस आठवतात, कारण माझा खांदा सोलला होता. सहा वर्षांनी हरिलाल सुखराम त्रिनिदादला गेला आणि परत आला नाही. माझ्या माहितीप्रमाणे या बाईने नंतर कुणाचंही काही वाईट केलं नाही." त्याने सही वाचली, चष्मा काढला. "ओमाबाई, हे वाचून ते लोक खुर्चीवरून पडतील."

"पडू देत."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते. पडद्यावर एकच चौकट रिकामी होती: साक्षीदाराचं अर्जदाराशी नातं. बास्कमने बोटं कळांवर ठेवली, मग उचलली, आणि कळफलक तिच्याकडे सरकवला.

तिला टंकलेखन येत नव्हतं. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, तिने लिहिलं: पती.